डोंगरात एक रात्र उघड्यावर झोपायचा हक्क आपल्याला आहे का?

कातळफूल (मुलुंड)
१२ जानेवारी, रात्री १०:५२

परवा शनिवारी आम्ही चौघं मुरबाडच्या पुढे एका धरणाच्या फुगवट्याशेजारी माळावर मुक्कामाला होतो. दोन छोटे तंबू, पाठीवर मावतील असे. चूल पेटवली नव्हती. घरून नेलेल्या दशम्या, लसणाची चटणी आणि थर्मासमधला चहा, एवढंच. थंडी इतकी की तंबूच्या कापडाला आतून बोट लावलं तर ओलं होत होतं. चंद्र उगवायला मध्यरात्र व्हायची होती, त्यामुळे मुलुंडच्या गच्चीवरून जन्मात दिसणार नाही एवढं आभाळ भरलेलं. माझ्या नऊ वर्षांच्या भाचीने पहिल्यांदा स्वतःहून मृग शोधलं, पोटातल्या तीन ताऱ्यांच्या बाणासकट.

दहाच्या सुमाराला दोन मोटारसायकली आल्या. हेडलाइट सरळ तंबूंवर. "इथं टेंट लावायचे माणशी आठशे. द्यायचे नसतील तर उठा." पलीकडच्या काठावर एका टेंटवाल्याचे चाळीस-पन्नास तंबू असतात, त्याची ती माणसं. जागा कुणाची विचारलं तर "आमचीच". पावती मागितली तर आवाज चढला. भाची रडायला लागली. आम्ही सगळं गुंडाळलं आणि टॉर्चच्या उजेडात तीनेक किलोमीटर चालत गावात आलो. देवळाच्या मंडपात पथाऱ्या टाकत होतो तेवढ्यात समोरच्या घरातल्या आजींनी दार उघडलं. कोण, कुठले, काही विचारलं नाही. दोन गोधड्या आणून भाचीच्या अंगावर घातल्या आणि म्हणाल्या, "पोरीला भिंतीकडं निजव, वारं तिकडनं येतं."

सकाळी आजींच्या मुलाने त्या माळाचा गट नंबर सांगितला. घरी येऊन महाभूलेखवर सातबारा काढला. जमीन सरकारी. टेंटवाल्याच्या नावावर काहीही नाही.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात आहे. आपण मुंबईकर शनिवार-रविवारी सह्याद्रीत जातो, दिवसा कुणी हटकत नाही. रात्र काढायची म्हटलं की एक तर बंदीचा फलक, नाहीतर पैसे मागणारा माणूस. या दोन्हींच्या मधली जागाच नाही का? घाण न करता, आवाज न करता, विस्तव न पेटवता एक रात्र जमिनीला पाठ टेकायची असेल तर कायदा काय म्हणतो? जाणकारांनी लिहा. ज्यांची गावं डोंगराखाली आहेत त्यांनी तर जरूर लिहा.

(जागेचं नाव लिहिलेलं नाही आणि कृपया विचारू नका. पुढच्या शनिवारी तिथे तीस गाड्या लागलेल्या मला बघायच्या नाहीत.)

---

जुनीवाट (दादर)
१३ जानेवारी, सकाळी ६:१५

वाचून वाईट वाटलं. भाचीने डोंगराचा धसका घेतला नसेल अशी आशा आहे, तिला लवकर पुन्हा घेऊन जा.

आमचा काळ १९८०-८५ चा. शनिवारी अर्धा दिवस ऑफिस, मग कर्जत लोकल, तिथून कोंडिवडे आणि रात्रीची चाल सुरू. कोंढाण्याच्या लेण्यांवरून चढत राजमाचीला पोचायला दीड-दोन वाजायचे. उधेवाडीत ज्याच्या ओट्यावर पाठ टेकली त्याला सकाळी सांगायचं, "रात्री आलो." तो म्हणायचा, "कुत्रं भुंकलं तेव्हाच कळलं." तांदूळ-डाळ आमची, चूल त्यांची. निघताना उरलेला शिधा तिथेच ठेवायचा. तंबू आमच्याकडे नव्हताच. देऊळ, गुहा, पडवी, नाहीतर कातळ.

हक्क असा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता, आम्ही पाहुणे होतो. आता वाटतं, पाहुणा म्हणून जमत होतं कारण आम्ही मोजके होतो. आज एकेका वाडीवर एका शनिवारी शेकड्यांनी माणसं उतरतात. एवढ्यांना पाहुणा म्हणणं कुठल्याही गावाला परवडणार नाही. म्हणजे नियम लागणारच. ते कुणी करायचे, हा प्रश्न आहे.

---

साक्षांकित (ठाणे)
१३ जानेवारी, दुपारी १:३०

मी वकिली करते, त्यामुळे कायद्यापुरतं लिहिते.

भारतात उघड्यावर मुक्कामाचा स्वतंत्र हक्क कुठल्याही कायद्यात नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद १९ देशभर मुक्त संचाराचं स्वातंत्र्य देतो, पण त्याच्या जोरावर कुठल्याही जमिनीवर राहता येत नाही. सगळं येऊन ठरतं ते जमीन कुठल्या प्रकारची आहे यावर.

राखीव वन असेल तर १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचं कलम २६ लागतं. विनापरवाना शिरणं हाही गुन्हा आणि विस्तव पेटवणं हाही. अभयारण्य असेल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आत जायलाच परवाना लागतो (कलम २७ आणि २८, पर्यटन हे परवान्याचं एक मान्य कारण आहे), आणि कलम ३० खाली आग लावायला बंदी आहे. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड हा सगळा पट्टा एकाच अभयारण्यात येतो. भीमाशंकर वेगळं, तानसा वेगळं. कोकणकड्यावर तंबू ठोकणाऱ्या बहुतेकांच्या हे गावीही नसतं. केंद्राचं संरक्षित स्मारक असलेल्या किल्ल्यावर १९५८ चा कायदा आणि त्याखालचे १९५९ चे नियम: मुक्काम नाही, वाटेल तिथे स्वयंपाक नाही.

खाजगी शेतात नुसतं पाऊल टाकलं म्हणून फौजदारी गुन्हा होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ ला गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू लागतो. मात्र मालकाने "उठा" म्हटलं की उठायचं, तिथे वाद नाही.

तुमचं प्रकरण वेगळं आहे. सरकारी जमिनीवर तुम्हीही परवानगीशिवायच होता, ते मान्य करून चालावं लागेल. पण तिसऱ्याच माणसाने मालकी सांगून, दमदाटी करून पैसे मागणं हे कलम ३०८ च्या, म्हणजे खंडणीच्या अंगाने जातं. तक्रार करता येते.

अजून एक. बियास नदीच्या पात्रालगतच्या एका हॉटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये सार्वजनिक विश्वस्ताचं तत्त्व मांडलं. नद्या, जंगलं, किनारे ही सगळ्यांची ठेव, सरकार ती विश्वस्त म्हणून सांभाळतं, एका खाजगी धंद्याच्या सोयीसाठी ती देऊन टाकता येत नाही. धरणाचा काठ एका टेंटवाल्याने गिळंकृत करणं याच तत्त्वाच्या विरुद्ध जातं, असं माझं मत.

---

सरळबोल (बोरिवली)
१३ जानेवारी, सायं. ५:०२

माझं मत कडू लागेल. सरसकट बंदी करा. दारूच्या बाटल्या, स्पीकर, वणवे. चार चांगल्यांसाठी चाळीस वाईट सहन करायचे का?

---

खिंडीखालचा (ता. मुरबाड)
१३ जानेवारी, रात्री ११:२०

कातळफूल ताई, आजींचं वाचून बरं वाटलं. आमच्याकडे अजून तसंच आहे. मी सोमवार ते शनिवार ठाण्यात कामाला असतो, शनिवारी रात्री गावी. तुम्ही डोंगराखालच्यांनी लिहा म्हणालात म्हणून लिहितो, लांबेल.

आमची वाडी खिंडीच्या बरोब्बर खाली. वाडीपासून पाणवठा दहा-बारा मिनिटांवर, पायवाट माळावरून जाते. बाया पहाटे पाचला निघतात. उजाडायच्या आत पाणीही आणायचं असतं आणि बाकीचंही उरकायचं असतं. ती वेळ त्यांची, ती वाट त्यांची. दोन हिवाळ्यांपासून शनिवार-रविवारी त्या वाटेच्या दोन्ही अंगांना तंबू. बाहेर माणसं शेकत बसलेली, कुणाच्या हातात मोबाइल. माझी आई मोठ्या बांधावरून वळसा घालून जायला लागली, डोक्यावर दोन हंडे घेऊन. तिने कुणाला सांगितलं नाही. मीच एका रविवारी विचारलं, आई, आज एवढा वेळ का लागला? तेव्हा कळलं.

दुसरं. गेल्या वर्षी आमच्या ढवळ्याच्या खुरात काच घुसली. बाटलीची, हिरवी, नखाएवढी. आधी कळेना का लंगडतोय. वडिलांनी पाय मांडीवर घेऊन खूर खरवडला तेव्हा आत काळं पडलेलं होतं. हळद-तेल, मग गुरांचा डॉक्टर. नांगरणीला दुसऱ्याचा बैल मागून आणला. पंधरा दिवस पेरणी मागे पडली की भाताचं काय होतं ते सांगायला नको.

आता हक्काचं. आम्हाला आमच्याच रानातून सरपण, हिरडा, मोहाची फुलं आणायचा हक्क कागदावर मिळायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला तेव्हा आमच्याकडे त्याच्या गोष्टी सांगत. आमच्या पाड्याचा दावा अजून पडून आहे. आमच्या शेजारी शहापूर. तानसा, भातसा, वैतरणा, मुंबई पिते ते पाणी त्या बाजूचं, आणि त्याच तालुक्यातले पाडे एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात. त्यामुळे मुंबईचं कुणी "डोंगरावर आमचा हक्क" म्हणालं की छातीत काहीतरी लागतं. तुमचा राग नाही ताई, पण लागतं.

आणि तरीही, सरळबोल दादा, बंदी नको. बंदी आली की टेंटवाला बंद होत नाही, त्याचं कसंही चालतं. बंद होतं ते माझ्या वहिनीचं जेवण. पिठलं, नाचणीची भाकरी, ठेचा, ताक. त्या पैशांवर तिने मुलीला तालुक्याच्या शाळेत घातलंय.

---

कातळफूल (मुलुंड)
१४ जानेवारी, सकाळी ७:४०

दादा, तुमचं वाचलं आणि त्या रात्रीचे फोटो पुन्हा काढून बघितले. संध्याकाळच्या एका फोटोत आमच्या निळ्या तंबूच्या दोरीखालून पायवाट गेलेली स्पष्ट दिसते. गवत दोन्हीकडे उभं, मधे पट्टा झिजून पांढरा पडलेला, सरळ पाण्याकडे जाणारा. सपाट आणि दगड नसलेली जागा म्हणून आम्हाला ती आवडली होती. ती का सपाट आहे हे एकाच्याही मनात आलं नाही. पाच वाजता तिथे कोण येणार होतं हे आम्हाला माहीतच नव्हतं.

मला वाईट वाटतंय आणि मी ते इथे लिहिते आहे.

---

परमुलुखी (एक्सेटर)
१४ जानेवारी, दुपारी ३:१०

मी मूळची विलेपार्ल्याची, सध्या इंग्लंडच्या नैऋत्येला राहते. माझ्या घरापासून तासाभरावर डार्टमूरचं माळरान आहे. हाच वाद इथे थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, म्हणून लिहिते.

इंग्लंडमध्ये जमीनमालकाला न विचारता तंबू ठोकता येतो असं नुसतं सांगता येईल ते डार्टमूरच्या सामायिक माळांबद्दलच. १९८५ च्या तिथल्या कायद्यात पायी किंवा घोड्यावरून "मोकळ्या हवेतल्या विरंगुळ्यासाठी" जाण्याचा हक्क लिहिला आहे. एका मोठ्या जमीनमालक दांपत्याने दावा लावला की विरंगुळा म्हणजे चालणं, झोपणं नव्हे. जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांची बाजू घेतली. लोक हजारोंनी माळावर चालत गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की मुक्काम हाही विरंगुळाच.

पण हा हक्क मोकाट नाही. तंबू पाठीवर वाहून आणलेला, छोटा. एका जागी एक किंवा दोन रात्री. रस्त्यापासून लांब. शेकोटी अजिबात नाही. आणि कुठल्या माळावर चालतं, कुठे नाही, याचा नकाशा राष्ट्रीय उद्यान स्वतः प्रसिद्ध करतं. मी स्वतः तिथे दोनदा राहिले. सकाळी तंबू उचलला की दबलेलं गवत तेवढं उरतं.

स्कॉटलंड याच्याही पुढे आहे. तिथे २००३ च्या कायद्याने जवळजवळ सगळ्या मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने वावरायचा हक्क दिला. तरी लॉक लोमंड या तळ्याच्या काठांवर गर्दीने इतकी घाण झाली की २०१७ पासून मार्च ते सप्टेंबर काही पट्ट्यांत परवाना लागतो. नॉर्वेत १९५७ पासून कायदा आहे: वस्तीच्या घरापासून दीडशे मीटर लांब, दोन रात्रींपर्यंत.

दीडशे मीटरवर मी आज अडले. खिंडीखालचे लिहितात ती वाट घरापासून दीडशे मीटरच्या पुढेच असणार. म्हणजे नॉर्वेचा नियम जसाच्या तसा उचलला तरी त्यांच्या आईला वळसा पडलाच असता. आपल्याकडे घरापासूनचं अंतर पुरत नाही, पाणवठ्यापासूनचं आणि वाटेपासूनचं मोजावं लागेल.

---

गिरणगावचा नातू (लालबाग)
१४ जानेवारी, रात्री ९:४५

परमुलुखी ताई, इंग्लंडचं निघालंच आहे तर किंडर स्काउटचा डोंगर आठवा. २४ एप्रिल १९३२. मँचेस्टर-शेफिल्डकडचे शेकडो तरुण कामगार एका खाजगी डोंगरावर मुद्दाम, उघडपणे चढले. वर माळरान होतं, ते धनिकांच्या शिकारीसाठी राखलेलं. आठवडाभर कारखान्याच्या धुरात काढायचे आणि रविवारी हवा खायला डोंगर बंद. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आणि माळरानांवर जायच्या वाटांचा कायदा आला.

माझे आजोबा कापड गिरणीत साचे चालवायचे. दहा बाय दहाची खोली, पाळीने झोपायचं. ते वर्षातून दोन रविवार सगळ्या चाळीला कान्हेरीला घेऊन जायचे. सकाळची पहिली लोकल, बोरिवली, पुढे चालत. आजोबा लेण्यांच्या पायऱ्यांवर आडवे व्हायचे आणि संध्याकाळपर्यंत उठायचे नाहीत. आजी सांगायची की त्या दोन दिवशी ते खोकायचे नाहीत.

म्हणून "डोंगरावर हक्क" म्हटलं की मला रिसॉर्टवाले आठवत नाहीत, आजोबा आठवतात. आज माणशी आठशे-हजार देऊन तंबूत झोपणं लालबाग-परळच्या पोराला परवडत नाही. फुकट झोपायची जागा गेली तर डोंगर पैसेवाल्यांचा होईल. पण खिंडीखालच्या दादांचं वाचून हेही कळतंय की आमच्या आजोबांना आडवं व्हायला जागा हवी होती, ती कुणाच्या आईच्या वाटेवर नको.

---

एकटीफिरते (अंधेरी)
१४ जानेवारी, रात्री १०:३०

एक बाजू राहिली. मी एकटी किंवा मैत्रिणीबरोबर फिरते. खरं सांगायचं तर पैसे देऊन टेंटवाल्याकडे राहते, कारण तिथे दिवा असतो, शौचालय असतं, चार कुटुंबं असतात. उघड्या माळावर मला रात्रभर झोप लागणार नाही. गावातल्या घराच्या पडवीत मात्र लागते. हक्काचं ठरवताना हे विसरू नका.

---

कारवी (डोंबिवली)
१५ जानेवारी, सकाळी ८:०५

मी जंगलात नोकरी केली, आता निवृत्त आहे. बंदी का घातली जाते ते सांगतो, म्हणजे राग कमी होईल.

आग. जानेवारीपासून गवत वाळतं. तेव्हाच आम्ही जाळरेषा काढायला घेतो, म्हणजे गवताचे पट्टे आधीच जाळून मोकळे करतो, पुढे वणवा आला तर तिथे अडावा म्हणून. एकदा मार्चमध्ये एका पठारावर आग लागली. आम्ही सहा जण, हातात करवंदीच्या हिरव्या फांद्या, झोडपत होतो. विझवून पहाटे उगमापाशी गेलो. तीन दगड, मधे राख, शेजारी वितळून चपटी झालेली पाण्याची बाटली. चूल त्यांनी विझवली होती, वर पाणीही ओतलेलं दिसत होतं. पण चूल गवताच्या मुळांवर मांडलेली. मुळं आतून धुमसत जातात आणि वाऱ्याला दोन हातांवर वर येतात. त्या पठारावर टिटवीची घरटी होती. जमिनीवरच अंडी घालते ती, खड्यांत खडा दिसावा अशी.

ही माणसं वाईट नव्हती. कातळावर चूल मांडली असती तर काही झालं नसतं, पण हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

रात्रीचंही तेच. मे-जूनमध्ये काजवे चमकतात ते जोडीदार शोधायला. त्यांच्या झाडावर टॉर्च आणि गाडीचे दिवे मारले की त्यांचा खेळ मोडतो. बोरिवलीच्या उद्यानात बिबटे आहेत, रात्र त्यांची आहे. तिथे आत तंबू नको, यावर मी ठाम आहे. पण गावच्या गायरानावर, कातळावर, विस्तव न पेटवता कुणी झोपलं तर जंगलाचं काही बिघडत नाही. तीस वर्षं रात्री हिंडून सांगतोय.

---

भटकंती_९ (कल्याण)
१५ जानेवारी, सकाळी ११:१८

वर्णनावरून जागा ओळखली! ही [मजकूर काढला आहे – संपादक] ना? मागच्या महिन्यात रील टाकली होती, मस्त व्ह्यूज आले. लोकेशन हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

कातळफूल (मुलुंड)
१५ जानेवारी, सकाळी ११:५०

संपादकांचे आभार. भटकंती_९, हात जोडून विनंती, ती रील ठेवायचीच असेल तर लोकेशन काढा. खिंडीखालच्या दादांचा प्रतिसाद एकदा वाचा.

---

भटकंती_९ (कल्याण)
१५ जानेवारी, दुपारी २:३३

वाचला. लोकेशन काढलं.

---

खिंडीखालचा (ता. मुरबाड)
१५ जानेवारी, रात्री १०:१०

ताई, तुम्ही फोटो काढून पाहिलात आणि लिहिलंत, ते मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तिला सांग, ज्याला वाट ठाऊक नाही त्याचा दोष नाही, विचारलं नाही एवढाच.

२६ जानेवारीला आमच्या गावात ग्रामसभा आहे. हा विषय मी घेणार आहे. तुम्ही या. मुंबईची माणसं समोर बसून बोलली तर फरक पडतो. वकीलताई, तुम्हाला जमलं तर फारच बरं.

---

साक्षांकित (ठाणे)
१६ जानेवारी, सकाळी ९:२५

येते. आधी दोन गोष्टी सांगून ठेवते. धरणाच्या जमिनीबद्दल ग्रामसभेचा ठराव म्हणजे परवानगी नव्हे, त्या खात्याकडे स्वतंत्र अर्ज करावा लागेल. गायरानाचं पाहिलं तर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सगळ्या राज्यांना सांगितलं आहे. त्यामुळे तिथे शेड, चौथरा, पक्कं शौचालय काहीही नको. रात्री तंबू लागला, सकाळी उचलला, गुरं चरायला जागा मोकळी, एवढंच टिकेल. आणि कुणी पैसे घेऊन सहली नेत असेल तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाखाली त्याची नोंदणी आहे का, ते विचारायचा अधिकार गावाला वापरता येईल.

---

कातळफूल (मुलुंड)
२७ जानेवारी, रात्री ११:०५

काल जाऊन आलो. साक्षांकित ताई, गिरणगावचा नातू, कारवी काका, मी आणि भाची. झेंडावंदन झालं, मुलांना बुंदी वाटली, मग शाळेच्या व्हरांड्यात सभा. पन्नासेक माणसं, त्यांत बाया अर्ध्याहून जास्त.

सुरुवात बरी झाली नाही. एक गृहस्थ उठून म्हणाले, ही मंडळी आज गोड बोलतात, उद्या बंगले बांधतात. त्यांना उत्तर द्यायला मी उठत होते, साक्षांकित ताईंनी हात धरून बसवलं. त्यांचं पूर्ण बोलून झालं. मग कारवी काकांनी चुलीची आणि मुळांची गोष्ट सांगितली, तेव्हा मागची तरुण मुलं पुढे सरकून बसली.

जागा बायांनी ठरवली. खिंडीखालच्या दादांच्या आई उठल्या, आम्हाला सगळ्यांना घेऊन गेल्या आणि चालत दाखवलं: ही आमची वाट, हा पाणवठा, इथून खाली कुणी नको. जुन्या विहिरीच्या वरच्या अंगाला गायरानात एक कातळ आहे, गवत नसलेला, तो चालेल. तिथून पाणवठा दिसत नाही आणि पाणवठ्यावरून तो दिसत नाही. त्यांनी दोन्हीकडे उभं राहून बघितलं, एकदा मला तिकडे उभं करून.

बाकी असं ठरलं: एका रात्री पाचच्या वर तंबू नाहीत. विस्तव नाही, जेवण गावातच. दुकानातल्या वहीत नावं लिहायची. जागेचे पैसे नाहीत. कचरा परत न्यायचा. पावसाळ्यात बंद. टेंटवाल्याबद्दल साक्षांकित ताईंनी अर्जाचा मसुदा करून दिला, त्यावर अंगठे आणि सह्या मिळून बेचाळीस झाल्या.

एक गोष्ट राहिली, ती लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही. सभा उठायच्या आधी कोपऱ्यातले एक आजोबा बोलले. बायकोच्या आजारपणात त्यांनी परळला एका मोठ्या इस्पितळाबाहेर फुटपाथवर अकरा रात्री काढल्या. रोज रात्री कुणीतरी येऊन उठवायचं. ते शांतपणे म्हणाले, "तुम्हाला इथं झोपायला आमची हरकत नाय. पण आमचं माणूस तुमच्या गावात आजारी पडलं तर आम्ही कुठं झोपायचं, ते तुम्ही ठरवलंय का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सभेत कुणाकडेच नव्हतं.

---

गिरणगावचा नातू (लालबाग)
२८ जानेवारी, सकाळी ६:५०

रात्रभर तेच डोक्यात होतं. आमच्या चाळीच्या तळमजल्यावर मंडळाची खोली आहे. गणपतीचे पंधरा-वीस दिवस सोडले तर कॅरम आणि सतरंज्या यांच्यासाठीच उघडते. परळची इस्पितळं तिथून चालत दहा-पंधरा मिनिटं. रविवारी मंडळाची बैठक आहे. चार गाद्या आणि एक किल्ली एवढंच मागणार आहे. होईल की नाही सांगत नाही, पण मागणार आहे.

---

जुनीवाट (दादर)
२८ जानेवारी, सकाळी ७:३०

गाद्या मी देतो. दोन नव्या, दोन धुतलेल्या.

---

खिंडीखालचा (ता. मुरबाड)
८ फेब्रुवारी, दुपारी १२:१५

काल पहिला गट आला, कल्याणची पाच मुलं, तीन तंबू. भटकंती_९ त्यांत होता. वहीत नावं लिहिली, वहिनीकडे जेवले, साडेनऊला टॉर्च बंद. रात्री एकदा मी जाऊन बघून आलो. बोलत होते, पण हळू.

टेंटवाल्याच्या अर्जाचं अजून काही नाही. पोच मिळाली आहे, ती जपून ठेवली आहे.

आज पहाटे आई जुन्या वाटेने गेली. साडेपाचच्या आत घरी होती.